पांढऱ्या घोड्याचं नाक

आईला न्यूझीलंडमधलं काही म्हणजे काही पसंत पडेना. वारा फार, टोमॅटोला चव नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि शेजारीण रोज ‘हाय’ म्हणते पण घरात ये म्हटलं की येत नाही. पुण्याहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली बाई, पण दुसऱ्याच आठवड्यात परतीचं तिकीट अलीकडे आणता येतं का असं विचारायला लागली. मी पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट. दिवसभर औषधांशी डोकं लावून घरी यायचं, तर दारातच तिची तक्रार सुरू. शेवटी एका रविवारी मी वैतागून म्हटलं, “चल, तुला घोडा दाखवते.”

“घोडा? कुणाचा?” असं विचारून, उत्तर ऐकायलाही न थांबता ती साडी बदलायला गेली.

तर हा घोडा. चाळिशी ओलांडल्यावर मला एकाएकी सगळ्याचा कंटाळा आला होता आणि तो कंटाळा मी नवऱ्यावर काढत होते. तो म्हणाला, “काहीतरी छंद लाव बाई, नाहीतर मी तरी घर सोडतो.” त्याच आठवड्यात सुपरमार्केटच्या बोर्डावर एक चिठ्ठी दिसली. मोठ्या माणसांना घोड्यावर बसायला शिकवते, स्पॅनिश पद्धत, ‘पोनी नाहीत’. त्या ‘पोनी नाहीत’मधली गुर्मी मला फार आवडली. म्हटलं, हिच्याकडेच जायचं.

ती माझ्याच वयाची निघाली. बारकीशी, उन्हानं रापलेली, दक्षिण स्पेनची. इथल्या एका शेतकऱ्याशी लग्न करून आलेली. गावाबाहेर, पवनचक्क्यांच्या डोंगराखाली त्यांचं गुरांचं फार्म होतं. तिचे वडील तिकडे बैलांच्या मोठ्या कळपावर मुख्य गुराखी होते, आणि गुराखी म्हणजे घोड्यावरचा. ती जे शिकवायची ते शर्यतीचं नव्हतं की मिरवायचंही नव्हतं, ते कामाचं होतं. लगाम डाव्या हातात, कारण उजव्या हातात गारोचा. गारोचा म्हणजे दोन पुरुषांहून लांब अशी लाकडी काठी. तिनं बैल वळवायचा, अडवायचा, कळपातून वेगळा काढायचा. बैल काही तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून घोडा भरधाव पळता पळता जागच्या जागी थांबला पाहिजे, मागच्या पायांवर गर्रकन फिरला पाहिजे.

तिचा पांढरा घोडा हे सगळं करायचा, आणि लगाम सैल लोंबत असायचा. खरंच सैल! दोन बोटांत धरलेला. ती नुसती बसल्या जागी जरा सावरून बसली की घोड्याला कळायचं. इकडे पोनी क्लबात दोन्ही हातांनी लगाम ओढणारी पोरं आणि तोंड वासलेली त्यांची घोडी मी पाहिली होती. हिच्यापुढे ती सगळी मला अडाणी वाटायची. मी हॉस्पिटलात ज्याला त्याला सांगत सुटले होते, घोड्यावर प्रेम कसं करतात ते बघायचं तर माझ्या बाईकडे चला. नवरा म्हणायचा, “देव्हाऱ्यात बसव आता तिला.”

आई फार्मवर पोचली ती थेट घोड्याकडेच गेली. माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी डॉक्टर होते आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर घोडीवरून फिरायचे. त्या घोडीला खरारा करायचं काम लहानपणी आईचं. हे मला ऐकून माहीत होतं, पण डोळ्यांनी पाहिलं ते त्या दिवशी. तिनं पर्समधून गुळाचा खडा काढला (पर्समध्ये गूळ कधी ठेवला होता देव जाणे), तळहात सपाट करून पुढे केला, आणि त्या जनावराशी चक्क मराठीत बोलायला लागली. “ये रे राजा. किती देखणा आहेस तू. कुणाची दृष्ट नको लागायला.” घोड्यानं गूळ खाल्ला आणि तिच्या खांद्यावर तोंड टेकलं. तिकीट अलीकडे आणायचा विषय त्या दिवसापासून बंद.

दर रविवारी ती माझ्याबरोबर यायला लागली. तिला इंग्रजी जेमतेम, स्पॅनिश बाईचं इंग्रजीही धेडगुजरी, पण दोघी हातवारे करून तासनतास बोलायच्या. ती आईला सेन्योरा म्हणायची, आई तिला पोरी म्हणायची. तिथे आणखी एक घोडी होती, काळी, तीन वर्षांची, अजून पाठीवर कुणी न बसलेली. बाईचा सगळा जीव तिच्यात. उन्हाळा लागायच्या आत तिचं शिक्षण सुरू करायचं आणि पुढच्या वर्षी इथल्या शेतकी जत्रेत, ज्याला सगळे ए अँड पी शो म्हणतात तिथे, गारोचा घेऊन तिला उतरवायचं असं ती म्हणायची. “माझ्या वडिलांनी शिकवलेलं या देशात दुसऱ्या कुणालाच येत नाही,” ती म्हणायची. “माझ्याबरोबर ते संपायला नको.”

मग दसरा आला. आई म्हणाली, “घोड्याची पूजा नको करायला?” मी म्हटलं, अगं हे काय सातारा आहे का? पण बाईला सांगितल्यावर तिचाच चेहरा खुलला. तिच्या गावी एका संताच्या दिवशी घोडे, गाढवं, कुत्री, सगळी चर्चच्या दारात नेतात आणि पाद्री त्यांच्यावर पाणी शिंपडतो. “ये, ये, सेन्योराला म्हणावं कर पूजा!” इथे ऑक्टोबर म्हणजे वसंत, झेंडू कुठे मिळणार? फार्मच्या कडेला कोवाईचं झाड पिवळंधमक फुललं होतं, आईनं त्याच्या फुलांची माळ केली. वाटीत हळद कालवली. घोड्याच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, “आमच्याकडे कपाळापासून नाकपुडीपर्यंत हळदीचा पट्टा ओढायचे. दादा ओढायचे.” दादा म्हणजे तिचे वडील.

घोडा नाकाला हात लावू देत नसे. मला वाटायचं, खोड असेल. त्याचं तोंड बाई नेहमी स्वतःच पुसायची, मला फक्त अंग घासायला मिळायचं. आईनं हात नेला तसं त्यानं डोकं झटकलं. ती थांबली, त्याच्याशी बोलत राहिली, पुन्हा हात नेला. शेवटी त्यानं मान खाली घातली. आईनं तीन बोटांनी सावकाश पट्टा ओढला, आणि मध्येच तिचा हात अडखळला.

पांढऱ्या घोड्यावर पांढरा वण दिसत नाही. जखम भरून आली की तिथे पांढरेच केस येतात, तेव्हा डोळ्याला काही कळत नाही. पण ओली हळद खाचांत जाऊन बसली आणि नाकाच्या हाडावर आडवी, गडद पिवळ्या ठिपक्यांची रांग उठून दिसली. तिच्याखाली दुसरी. आईनं बोट फिरवून पाहिलं, मग माझं बोट धरून तिथे फिरवलं. कडक, खडबडीत कातडं होतं.

“हे कुणी केलं, विचार तिला.”

मी विचारलं. बाईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “मी,” ती म्हणाली.

मग तिनंच सांगितलं. नाकावर बसवायची एक लोखंडी कमान असते, सेरेता म्हणतात. आतून करवतीसारखे दाते. तरुण घोड्याला तोंडात लोखंड द्यायच्या आधी ही नाकावर बांधायची आणि तिच्यावर वळायला, थांबायला शिकवायचं. तोंड कोवळं राहतं, म्हणून तर पुढे दोन बोटांत लगाम धरता येतो. “तू ज्याचं कौतुक करतेस ना,” ती मला म्हणाली, “ते हेच.”

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, “म्हणजे रक्त काढून शिकवलेलं नाजूकपण!” ती म्हणाली, “तुमच्या इथल्या घोड्यांची तोंडं पट्ट्यांनी आवळून बांधतात, जन्मभर ओढतात, ते चालतं? माझ्या वडिलांच्या घोड्यानं ऐकलं नसतं तर बैलानं दोघांची आतडी काढली असती.” मी म्हटलं, “इथे कुठले आलेत तुझे ते बैल? इथली गुरं कुत्र्याला घाबरतात.” हे लागलं तिला. लागावं म्हणूनच मी बोलले होते. “आणि त्या काळीला?” मी विचारलं. “तिलाही तेच बांधणार?” ती म्हणाली, “मला दुसरं येत नाही.” मी आईचा हात धरला आणि आम्ही निघालो. जाताना पाहिलं तर तो घोडा, कपाळावर कुंकू, गळ्यात माळ, सरळ तिच्याकडे गेला आणि तिच्या छातीला डोकं घासत उभा राहिला. मला रडूच आलं, आणि कशाचं ते कळेना.

घरी माझी धुसफूस सुरू. पुन्हा तोंड बघणार नाही तिचं, प्राण्यांसाठीची संस्था आहे तिकडे कळवते, वगैरे. नवऱ्यानं शहाणपणानं पेपर डोळ्यांसमोर धरला. आईनं मात्र विचारलं, “तुला राग कशाचा आलाय? घोड्याला दुखलं त्याचा, की तुझी बाई तशी निघाली त्याचा?” मी म्हटलं, दोन्हीचा. “मग आधी ठरव,” ती म्हणाली. “घोड्याचं तर होऊन गेलं. त्या काळीचं अजून व्हायचं आहे.”

त्यानंतर दोन रविवार मी गेले नाही. मग एका दुपारी बाईच आमच्या दारात. हातात अंडी आणि एक कापडी पिशवी. आई थालीपीठं लावत होती. बाईनं पिशवीतून ती कमान काढून ओट्यावर ठेवली. जुनी, काळपट, दाते वापरून बोथट झालेले. “वडिलांची आहे,” ती म्हणाली. “येताना कपड्यांत गुंडाळून आणली. सेन्योराला दाखवायची होती.”

आईनं गॅस बंद केला. बाई बोलत होती, मी मराठीत सांगत होते. लहान असताना वडिलांनी ही कमान तिच्या दंडावर ठेवली होती आणि दोर जरासा ओढला होता. म्हणाले, आता कळलं ना? आता याहून हलकं ओढायचं. त्यांच्या आवारात तरुण घोडा शिकत असला की कुंपणाच्या भिंतीवर म्हातारे गुराखी बसलेले असायचे. कुणाचा हात जड पडला, कुणी चिडलं, की तिथून आवाज यायचा, आज बास. मग काही साधलेलं असो नसो, घोडा सोडायचा. ते बोलले की तिचे वडीलसुद्धा ऐकायचे.

“आणि हा पांढरा?” आईनं विचारलं.

बाईनं कमान जवळ ओढली. “मी इथे नवीन होते. भाषा येत नव्हती. नवरा दिवसभर गुरांत. हा ऑस्ट्रेलियाहून आलेला, तापट, रोज मला पाडायचा. मला दाखवून द्यायचं होतं सगळ्यांना. वडिलांनी ज्याला चार वर्षं लावली असती ते मी एका हिवाळ्यात केलं. कुंपणावर कुणीच नव्हतं.” मग डोळे पुसून म्हणाली, “त्यानं मला माफ केलंय. घोडे करतात. मला ते बघवत नाही, म्हणून त्याचं तोंड मीच पुसते.”

माझा राग कुठल्या कुठे गेला होता, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा अवघड होतं. आईनं तिच्यापुढे थालीपीठ आणि लोण्याचा गोळा ठेवला. म्हणाली, “काळीला हे न बांधता शिकव.”

“मला येत नाही. मला जे येतं ते सगळं इथूनच सुरू होतं. हे काढलं तर पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते मला माहीत नाही.” पण खाऊन झाल्यावर तीच म्हणाली, आतून नुसतं चामडं असलेला पट्टा असतो, येत्या शनिवारी त्यावर करून बघते. नाही जमलं तर मात्र हे. आई म्हणाली, “शनिवारी ना? मी येऊन बसते.”

शनिवारी वारा असा की पवनचक्क्यांचा आवाज खालपर्यंत येत होता. गोल रिंगणाबाहेर आईसाठी प्लॅस्टिकची खुर्ची. साडीवर माझं जाड जाकीट, डोक्याला नवऱ्याची लोकरी टोपी, पायात गमबूट. बाईचा नवरा फाटकाला टेकून उभा. हा माणूस आठवड्यातून एखादं वाक्य बोलायचा, तेही बहुधा ‘स्वीट अ‍ॅज’, म्हणजे ‘झकास’. बाईनं काळीच्या नाकावर चामड्याचा पट्टा बांधला, लांब दोर लावला आणि तिला फिरवायला सुरुवात केली.

पहिल्यांदा छान चाललं. काळी कान हलवत, बाईकडे एक डोळा ठेवून फिरत होती. बाई जीभ वाजवायची, ती चालायची. बाई श्वास सोडायची, ती थांबायची. मी मनात म्हटलं, बघ, जमतंय की! आणि तेवढ्यात वाऱ्यानं चाऱ्याच्या गठ्ठ्यावरचं प्लॅस्टिक फाडकन उडालं. काळी उधळली. बाईनं दोर सोडला नाही. घोडीनं तिला रिंगणभर चिखलातून फरफटवलं, आणि दोर सुटला तेव्हा बाई तोंडावर पडलेली. उठली तर ओठ फुटलेला, रक्त हनुवटीवर. काळी पलीकडच्या कडेला थरथरत उभी, नाकपुड्या फुललेल्या.

बाई कुणाकडे न बघता शेडमध्ये गेली आणि बाहेर आली ती कमान हातात घेऊनच. मी ओरडले, “अगं, तिचा काय दोष? प्लॅस्टिक उडालं!” तिनं ऐकलंच नाही. मी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. घोडा तिचा, निर्णय तिचा, हा इथला रिवाज. कुणी कुणाच्या घोड्यात पडत नाही.

आई खुर्चीतून उठली. कुंपणाची फळी धरून, मोठ्यानं नव्हे, पण घरातल्या मुलाला म्हणावं तसं म्हणाली, “पुरे.”

बाई थांबली.

“पुरे. आज पुरे. घोडीला पाणी दाखव, आणि तू तोंड धू.”

मी सांगितलं, पण बाईला ते सांगायच्या आधीच कळलं होतं. ती म्हणाली, “सेन्योराला सांग, असं सोडता येत नाही. आज ती जिंकून गेली तर उद्या मला विचारणार नाही.” आई म्हणाली, “ती जिंकली कुठे? ती घाबरली आहे. आणि तू दमली आहेस. दमलेल्या माणसानं हातात लोखंड घेऊ नये.”

हे मी इंग्रजीत कसं सांगितलं मला आता आठवत नाही. बाई तिथेच, चिखलात, मांडी घालून बसली. कमान मांडीवर. कितीतरी वेळ बसली होती. काळी आधी लांबूनच बघत राहिली, मग एकेक पाऊल टाकत आली आणि तिच्या केसांचा वास घ्यायला लागली. बाईनं हात वर केला नाही, काही नाही. बसून राहिली. तिच्या नवऱ्यानं येऊन मांडीवरची कमान उचलली आणि शेडमध्ये नेऊन ठेवली. त्यानं आधी काही केलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

काळीचं पुढे काय झालं ते सांगून टाकते. ती चामड्यावरच शिकली. पुढच्या वर्षी शोला उतरली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. उतरली तेव्हा चार गोष्टी चुकली, आणि बाई रिंगणातून बाहेर आल्यावर मला म्हणाली की वडिलांनी हे बघितलं असतं तर नाराजीनं मान हलवली असती. तिला वाईट वाटत होतं, आणि मी ते उगीच पुसायला गेले नाही. आई पुण्याला परतल्यावर त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मी बसायला लागले. ‘पुरे’ म्हणायला मला फार जड जायचं. भांडणं सोपं असतं, नुसतं ‘पुरे’ म्हणणं नाही. दोनदा तिनं मला स्पॅनिशमध्ये शिव्या घातल्या. पण दर वेळी थांबली.

पण मला सांगायचंय ते त्या शनिवारचं. परत येताना आई गाडीत माझ्या शेजारी होती. मी तिचं कौतुक करत होते, आई तू कमाल केलीस, मला तर नुसतं ओरडता आलं. तिनं टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाली, “आमची घोडी पुराच्या पाण्यात शिरेना. पलीकडे एक बाळंतीण अडली होती. दादांनी चाबूक ओढला.”

मी म्हटलं, “वाचली का बाळंतीण?”

“वाचली. मूलही वाचलं. गाव म्हणालं, डॉक्टर देवमाणूस. ते खरंच आहे. त्याचं मी काही म्हणत नाही. पण परत आले, आणि घोडी दारात अडली. दमली होती बिचारी, तेही दमले होते. तेव्हा पुन्हा मारलं. आता कुठली बाळंतीण होती? मी दारातच उभी होते. घोडी डोळे मिटून घ्यायची प्रत्येक फटक्याला.”

मी गाडी कडेला घेतली. आई समोर बघत होती, आणि गालांवरून पाणी ओघळत होतं ते पुसतही नव्हती.

“ते चांगले होते गं. घरात कुणाचं ऐकायचे नाहीत, पण माझं ऐकायचे. मी नुसतं ‘दादा, पुरे’ म्हटलं असतं ना, थांबले असते. मी म्हटलंच नाही.”